कारखान्याने दिलेला पत्ता



उस्मानपुरा म्हटले की छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशाला स्टेशन रस्ता आणि त्या परिसरातील तंत्रशिक्षणाच्या संस्था आठवतात. शासकीय तंत्रनिकेतन १९५५ साली सुरू झाले आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्या यंत्र उघडून पाहावयास येथे शिकल्या. अशा परिसरात सर्व्हरच्या पाठीमागे असलेल्या आणि सहसा कोणाच्या लक्षात न येणाऱ्या एका लहानशा पोर्टविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये. या पोर्टची कारखान्यात झालेली मांडणी आपल्या कार्यालयाशी जुळते की नाही, हे पाहण्याचे काम पुष्कळदा राहून जाते. ते राहिले म्हणजे काय होते आणि ते कसे पुरे करावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

सर्व्हरच्या आतला पहारेकरी

सातबाराचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, शिष्यवृत्तीचा अर्ज, वेतनाचे देयक ही सारी कामे आज संगणकाच्या जाळ्यावरून चालतात. गावच्या सेवा केंद्रातील पडद्यावर जे दिसते ते प्रत्यक्षात दूर कोठेतरी थंड खोलीत ठेवलेल्या सर्व्हरमध्ये साठविलेले असते. हे सर्व्हर १९ इंच रुंदीच्या लोखंडी रॅकमध्ये एकावर एक, फडताळातील फायलींप्रमाणे रचलेले असतात. सर्वांत पातळ सर्व्हरची उंची जेमतेम पावणेदोन इंच असते.

अशा प्रत्येक सर्व्हरच्या आत आणखी एक छोटा संगणक असतो. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर किंवा थोडक्यात बीएमसी म्हणतात. मुंबई महापालिकेशी या नावाचा काहीही संबंध नाही. या व्यवस्थापन-नियंत्रकाला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची स्मृती, स्वतःचा जाळ्यावरील पत्ता आणि स्वतःचा परवलीचा शब्द असतो. मुख्य सर्व्हर बंद असला तरी विजेची वायर जोडलेली असेपर्यंत हा पहारेकरी जागा राहतो. पंखा मंदावला, तापमान वाढले, वीजपुरवठ्याचा एखादा संच निकामी झाला, तर त्याची नोंद तो ठेवतो. दूरच्या गावी बसलेला अधिकारी त्याच्यामार्फत सर्व्हर चालू वा बंद करू शकतो, त्याचा पडदा पाहू शकतो आणि त्यावरील संपूर्ण कार्यप्रणालीदेखील नव्याने बसवू शकतो.

निरनिराळ्या कंपन्यांचे नियंत्रक एकाच भाषेत बोलावेत म्हणून इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या चार कंपन्यांनी १९९८ साली आयपीएमआय नावाचे मानक तयार केले. त्याची दुसरी आवृत्ती २००४ साली आली. पुढे २०१५ साली रेडफिश हे अधिक आधुनिक मानक प्रसिद्ध झाले. तथापि जुने मानक आजही असंख्य यंत्रांत नांदत आहे.

पिन कोड आणि सर्व्हरचा पत्ता

जाळ्यावरील पत्ता म्हणजे काय, हे समजण्यासाठी टपाल खात्याकडे वळावे. महाराष्ट्रात पिंपळगाव नावाची गावे किती आहेत, हे कोणत्याही जुन्या पोस्टमनला विचारून पाहावे. एकाच नावाच्या गावांमुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. उस्मानपुऱ्याचा पिन कोड ४३१००५ आहे. त्यातील पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय सांगतात.

सर्व्हरच्या पत्त्याची रचनाही अशीच असते. त्यात बिंदूंनी वेगळे केलेले चार आकडे असतात. त्यांपैकी किती भाग 'जिल्हा' समजावयाचा आणि किती भाग 'घर' समजावयाचे, हे सांगणाऱ्या दुसऱ्या आकड्याला सबनेट मास्क म्हणतात. पत्र आपल्या जिल्ह्याबाहेरचे असेल तर ते ज्याच्या हाती सोपवावयाचे, त्या टपाल कचेरीला गेटवे म्हणतात. पत्ता, मास्क आणि गेटवे ही तिन्ही माहिती बरोबर असली तरच निरोप पोहोचतो.

आता कारखान्यात काय होते ते पाहू. सर्व्हर कोणत्या कार्यालयात जाणार, हे तेथे ठाऊक नसते. म्हणून काही उत्पादक प्रत्येक यंत्रात एकच ठरलेला पत्ता घालून ठेवतात. डेलच्या सर्व्हरांच्या माहितीपुस्तिकांत व्यवस्थापन-नियंत्रकाचा मूळ पत्ता १९२.१६८.०.१२०, मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे १९२.१६८.०.१ असा दिलेला आढळतो. काही उत्पादक पत्ता न घालता, जाळ्यावरून आपोआप पत्ता मागून घेण्याची सोय करतात. या दोन्ही पद्धती सोयीच्या आहेत, परंतु त्या तात्पुरत्या आहेत. कारखान्याने दिलेला पत्ता हा पाळण्यातील मुलाला 'बाळ' म्हणण्यासारखा आहे. नाव ठेवण्याचे काम घरच्यांचेच असते.

चूक कोठे होते

पहिली चूक एकसारख्या पत्त्यांची. समजा, एखाद्या कार्यालयाला आठ सर्व्हर मिळाले आणि आठही नियंत्रकांचे पत्ते न बदलता त्यांच्या वायरी एकाच स्विचला जोडल्या. वर्गात एकाच नावाची दोन मुले असली आणि दोघांनीही 'हजर' म्हटले तर गुरुजींची जी अवस्था होते, तीच येथे जाळ्याची होते. कधी एक यंत्र उत्तर देते, तर कधी दुसरे. यातील खरा धोका असा की, तिसरा सर्व्हर बंद करावयाच्या हेतूने दिलेली आज्ञा पाचव्या सर्व्हरला जाते आणि शेकडो लोकांचे चालू काम क्षणात थांबते.

दुसरी चूक मास्क आणि गेटवेची. हिची खूण स्पष्ट असते. शेजारच्या टेबलावरून नियंत्रक दिसतो, मात्र मुख्यालयातून दिसत नाही. गेटवेच्या जागी शून्ये राहिलेली असतात, म्हणून बाहेरच्याला उत्तर कोणाच्या हाती द्यावयाचे, हे त्याला कळत नाही. मास्क चुकला तरी असेच घडते. कार्यालयाचे जाळे १०.२०.३० या आकड्यांनी सुरू होत असताना मास्क २५५.०.०.० असा राहिला, तर १० ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता आपला शेजारीच आहे, असे नियंत्रक समजतो आणि दूरचे पत्र गेटवेकडे न देता आपल्याच गल्लीत हाक मारीत बसतो.

तिसरी चूक आभासी जाळ्याच्या क्रमांकाची. एकाच वायरीतून अनेक वेगळी जाळी नेता येतात. त्या प्रत्येकाला क्रमांक असतो आणि त्यास व्हीलॅन म्हणतात. नियंत्रकात एक क्रमांक आणि स्विचवर दुसरा असला, तर पोर्टचा दिवा लुकलुकतो परंतु संवाद काहीच होत नाही. वायर खराब आहे असे समजून ती बदलण्यात मग तासन् तास जातात.

चौथी चूक सर्वांत फसवी आहे. पुष्कळ सर्व्हरांत व्यवस्थापनासाठी स्वतंत्र पोर्ट असते. त्या पोर्टला वायर जोडलेली नसेल तर सर्व्हरच्या सामान्य पोर्टमधून काम करावे, अशी मांडणी काही यंत्रांत मुळातच केलेली असते. तिला फेलओव्हर म्हणतात. सुपरमायक्रो कंपनीच्या सर्व्हरांत ती दीर्घकाळ रूढ आहे. वीज आली त्या क्षणी स्वतंत्र पोर्टची वायर सुटलेली असली, तर नियंत्रक मुकाट्याने सामान्य पोर्टवर जातो आणि कार्यालयाच्या सर्वसाधारण जाळ्यावरून पत्ता मागून घेतो. जे दार आतल्या खोलीत असावयास हवे, ते अशा रीतीने दिवाणखान्यात उघडते आणि त्याची वर्दी कोणालाही मिळत नाही.

दार उघडे राहिल्यास

मांडणी चुकल्यामुळे होणारा त्रास दोन प्रकारचा असतो. पहिला गैरसोयीचा. रविवारी रात्री सर्व्हर थांबला आणि नियंत्रकापर्यंत पोहोचता आले नाही, तर कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन कळ दाबीपर्यंत सेवा बंद राहते. सोमवारी सकाळी तालुक्याच्या गावी कामासाठी आलेला शेतकरी दिवसाची मजुरी बुडवून परत जातो. चूक आकड्यांची असते, भुर्दंड मात्र त्याला पडतो.

दुसरा त्रास सुरक्षेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. नियंत्रक हा मुख्य कार्यप्रणालीच्या खालच्या पातळीवर काम करीत असल्यामुळे त्याचा ताबा घेणाऱ्याला वरच्या पातळीवरील बहुतेक पहारे चुकविता येतात. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत तर मुळातच एक उणीव आहे. ओळख पुरती पटण्याआधीच नियंत्रक परवलीच्या शब्दापासून तयार केलेला सांकेतिक अंश समोरच्याला देऊन टाकतो. तो घेऊन सवडीने मूळ शब्द शोधून काढता येतो. हा दोष मानकातच असल्यामुळे केवळ दुरुस्ती-संच बसवून तो जात नाही. २०१३ साली संशोधक डॅन फार्मर यांनी या धोक्यांकडे लक्ष वेधले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या संगणक-सुरक्षा पथकाने इशारा प्रसिद्ध केला. २०१८ साली जंगलसेक नावाचा खंडणीखोर प्रोग्राम याच दारातून काही सर्व्हरांत शिरल्याचे उघडकीस आले. त्यांपैकी एका ठिकाणी कारखान्याचा परवलीचा शब्द तसाच राहिलेला होता. मार्च २०२५ मध्ये अनेक कंपन्यांच्या सर्व्हरांत वापरल्या जाणाऱ्या मेगारॅक या नियंत्रक-प्रणालीत ओळख न पटविताच प्रवेश देणारा दोष जाहीर झाला आणि त्याचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जात असल्याची नोंद जूनमध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने केली.

उत्पादकांनीही काही पावले उचलली आहेत. कॅलिफोर्निया राज्याचा या विषयावरील कायदा १ जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याच सुमारास सुपरमायक्रोने सर्व यंत्रांना एकच परवलीचा शब्द देण्याची जुनी पद्धत सोडून प्रत्येक यंत्राला वेगळा शब्द देण्यास प्रारंभ केला. हा शब्द यंत्रावरील चिठ्ठीवर छापलेला असतो. परंतु वेगळा शब्द मिळाला म्हणून पत्ता आपोआप बरोबर होत नाही. तेवढे काम ग्राहकाकडेच राहते.

दुरुस्तीची रीत

सुदैवाने ही दुरुस्ती खर्चाची नाही. तिला हवी आहे ती क्रमबद्धता.

प्रथम कागदावर पत्त्यांचा तक्ता करावा. व्यवस्थापनासाठी पत्त्यांचा एक स्वतंत्र पट्टा राखून ठेवावा आणि त्यातील कोणता पत्ता कोणत्या यंत्राचा, हे अनुक्रमांकासह लिहावे. तक्ता पुरा होईपर्यंत एकाही नियंत्रकाची वायर कार्यालयाच्या जाळ्याला जोडू नये.

दुसरी पायरी प्रत्यक्ष बदलाची. जाळ्याची मांडणी चुकलेली असताना ती जाळ्यावरूनच सुधारू पाहणे म्हणजे ज्या फांदीवर बसावयाचे तीच तोडणे होय, कारण पत्ता बदलताक्षणी चालू संवाद तुटतो. त्यासाठी आतील वाट आहे. सर्व्हर सुरू होताना मूलभूत मांडणीच्या पडद्यात जाऊन पत्ता, मास्क आणि गेटवे भरता येतात. कार्यप्रणाली आधीच बसविलेली असल्यास आयपीएमआयटूल नावाचा मोफत प्रोग्राम सर्व्हरच्या आतूनच नियंत्रकाशी बोलतो. त्यास जाळ्याची गरज लागत नाही. आधी चालू मांडणी वाचून ती लिहून घ्यावी, मग पत्त्याचा प्रकार 'स्थिर' असा ठरवावा आणि त्यानंतर आकडे भरावेत. हा क्रम उलटा झाला तर आपोआप मिळालेला पत्ता आपल्या आकड्यांवर पुन्हा बसण्याचा संभव असतो.

तिसरी पायरी दार योग्य खोलीत नेण्याची. स्वतंत्र पोर्ट असल्यास नियंत्रकाला 'केवळ स्वतंत्र पोर्ट' अशी आज्ञा द्यावी आणि फेलओव्हर बंद करावा. व्हीलॅनचा क्रमांक स्विचवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. आयपीएमआयचा जाळ्यावरील वापर आवश्यक नसल्यास तो बंद ठेवावा. परवलीचा शब्द बदलावा. मात्र आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची मर्यादा २० अक्षरांची आहे, हे ध्यानात असावे. नियंत्रकाची प्रणाली अद्ययावत करावी आणि घड्याळही लावावे. घड्याळ न लावलेल्या यंत्रात बिघाडाच्या नोंदीवर कधी कधी १९७० सालची तारीख पडते आणि अशी नोंद चौकशीच्या वेळी निरुपयोगी ठरते. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे सर्ट-इनने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळे प्रमाण वेळेशी जुळविणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि सुरक्षेची घटना कळल्यापासून ६ तासांत कळविणे बंधनकारक केले आहे.

चौथी पायरी पडताळणीची, आणि बहुधा हीच वगळली जाते. प्रथम शेजारच्या संगणकावरून नियंत्रक दिसतो का, ते पाहावे. नंतर ज्या दूरच्या कार्यालयातून देखभाल व्हावयाची तेथून पाहावे. मग जेथून तो दिसता कामा नये अशा सर्वसाधारण संगणकावरून पाहावे. तेथून दार उघडले तर काम अपुरे आहे असे समजावे. त्यानंतर दुरून ओळख-दिवा लावण्याची आज्ञा द्यावी आणि रॅकमध्ये नेमक्या त्याच यंत्राचा दिवा लागला का, ते प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे. नावांची अदलाबदल उघडकीस आणण्याचा याहून सोपा उपाय नाही. अखेरीस, सर्व्हरवर लोकांचे काम सुरू होण्यापूर्वीच, वीज पूर्णपणे काढून पुन्हा जोडावी आणि मांडणी टिकली का, हे तपासावे.

यंत्रांची संख्या शेकड्यांत गेली म्हणजे हे काम हातांनी होत नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने स्वदेशात आखलेल्या रुद्र सर्व्हरांवर उभारलेले परम रुद्र महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील संस्थांसाठी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. अशा प्रकारच्या मोठ्या संचांत प्रत्येक पोर्टचा कायमचा यांत्रिक क्रमांक आधी नोंदवून त्यावरून पत्ता नेमून देण्याची आणि व्यवस्थापनाचे जाळे अलग ठेवण्याची पद्धत असते. यंत्रे आठ असोत वा आठशे, तक्ता आधी आणि वायर नंतर, हा नियम बदलत नाही.

कागदावरील काम

हा सगळा विषय तंत्रज्ञाचा आहे, असे समजून अधिकाऱ्याने बाजूला होणे योग्य नाही. सर्व्हर आला, चालू झाला, देयक मंजूर झाले, अशा क्रमाने फाइल बंद होते. नियंत्रकाची मांडणी तपासल्याचा कागद त्या फाइलीत नसेल, तर तंत्रज्ञाला तरी कोणी विचारावे? म्हणून खरेदीच्या अटींतच लिहावे की, पुरवठादाराने दिलेल्या तक्त्याप्रमाणे पत्ते भरून, पडताळणी करून आणि त्याची सही केलेली प्रत देऊनच यंत्र सुपूर्द करावे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत यंत्राच्या अनुक्रमांकाशेजारी नियंत्रकाचा यांत्रिक क्रमांक आणि पत्ता लिहावा. परवलीचा शब्द मात्र नोंदवहीत न लिहिता मोहोरबंद लिफाफ्यात ठेवावा आणि पदभार देताना त्या लिफाफ्याची पोच घ्यावी.

आणखी दोन प्रसंगी जागरूक राहावे. दुरुस्तीत सर्व्हरचा मुख्य बोर्ड बदलला, तर नव्या बोर्डाबरोबर कारखान्याची मांडणी पुन्हा येऊ शकते. वर्षापूर्वी केलेली तपासणी त्या दिवशी संपली असे धरावे. तसेच यंत्राचे निर्लेखन करताना केवळ डिस्क काढून भागत नाही. नियंत्रकातील पत्ते आणि परवलीचे शब्दही पुसून टाकावेत, नाहीतर भंगाराबरोबर आपल्या जाळ्याचा नकाशाही बाहेर जातो.

ग्रामपंचायतीत किंवा शाळेत असा रॅक नसतो, तेव्हा या विषयाशी आपला संबंध नाही, असे पंचायत सदस्यांना आणि शिक्षकांना वाटू शकेल. परंतु पंचायतीच्या भिंतीवरील कॅमेरा आणि शाळेतील राउटर यांच्यातही कारखान्याचा पत्ता आणि कारखान्याचाच परवलीचा शब्द असतो. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्याचे शब्द कोणी बदलले नव्हते म्हणून. दोन्हीकडे दुर्लक्ष एकाच प्रकारचे आहे आणि उपायही एकच आहे.

तंत्रनिकेतनांतील शिक्षकांनी हा भाग प्रात्यक्षिकात घ्यावा. दोन जुने सर्व्हर, एक स्विच आणि मुद्दाम चुकविलेली मांडणी एवढ्या साहित्यावर दोन तासांत विद्यार्थी सर्व चुका ओळखावयास शिकतो. अधिकाऱ्यांनी आपल्या ताब्यातील यंत्रांची यादी काढून प्रत्येकासमोर तीन प्रश्न लिहावेत : नियंत्रकाचा पत्ता कोणी ठरविला, तो कोठून दिसतो आणि शेवटची पडताळणी केव्हा झाली? ज्या यंत्रासमोर एकही रकाना कोरा राहील, त्या यंत्रापासून कामाला प्रारंभ करावा.